भिंगरीचं वर्ष

लॉकरबाईंच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर एक काचेची पेटी होती आणि पेटीत टेबल टेनिसची एक बॅट होती. पेटीला कुलूप होतं. कुलपाची किल्ली कपाटात, कपाटाची किल्ली एका डब्यात, आणि तो डबा कुठे ठेवलाय हे बाई दर आठवड्याला विसरत. चोर आला असता तर त्याला बाईंना उठवून विचारावं लागलं असतं, आणि मग दोघांनी मिळून शोधलं असतं.

लॉकरबाई हे नाव त्यांना बटणांच्या कारखान्यात मिळालं होतं आणि ते त्यांनी, अर्थातच, जपून ठेवलं होतं. नवी चादर जुनी झाल्यावरच अंथरायची असा त्यांचा नियम. त्यांचे यजमान पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले. ते म्हणायचे, "लग्न झालं तेव्हा मला धास्तीच होती, की मलाही कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवते की काय. पण माझ्यावर काही कोणाची सही नव्हती, म्हणून वाचलो."

सही होती ती बॅटीवर, लाल रबराच्या बाजूला. आणि तिची गोष्ट सांगायची तर भिंगरीपासून सुरुवात करावी लागते.

भिंगरी कारखान्यात तपासणी खात्यात बाईंच्या समोर बसायची. पायाला भिंगरी, हाताला भिंगरी, आणि जिभेला तर दोन. नवी छत्री आणली की पाऊस थांबायच्या आत हरवायची. दोघींमध्ये एक लांब टेबल, टेबलावर बटणांचा ढीग. वाकडी भोकं, उडालेले टवके, चुकलेला रंग असली बटणं बाजूला काढायची, उरलेली पाकिटात भरायची आणि पाकिटाच्या चिठ्ठीवर सही करायची. भिंगरी सही करायची ती एका झटक्यात. खाली एक रेघ ओढायची आणि रेघेखाली दोन टिंबं द्यायची, बटणाच्या भोकांसारखी. "नुसती सही उघडी वाटते," म्हणायची, "बटण लावलेलं बरं."

दिवसभर अशा समोरासमोर बसणाऱ्या या दोघी जेवणाच्या सुट्टीत शेजारी शेजारी उभ्या राहत. करमणुकीच्या खोलीत टेबल टेनिसचं एक टेबल होतं. व्यवस्थापनाने ते पुरुषांसाठी घेतलं होतं, पण पुरुष जेवणानंतर त्याच्यावर झोपत. या दोघींनी त्यांना उठवलं. बाई चेंडू परत पाठवायच्या. कितीही मारा, परतच. भिंगरी चेंडू असा कापायची की समोरच्याला वाटावं, याला कोणीतरी मधेच बोलावून घेतलं. अशी जोडी जमली आणि एके वर्षी सगळ्या कारखान्यांच्या स्पर्धेत दुहेरीचं अजिंक्यपद या दोघींनी आणलं.

बक्षीस द्यायला देशाची विजेती खेळाडू आली होती. ती कशी आली हे एक कोडंच होतं. व्यवस्थापकांच्या मेहुण्याचा त्यात हात होता म्हणतात. तिला गाडी गाठायची होती. तिने घाईघाईने हातात आलेल्या एका बॅटीवर सही केली, "खेळत राहा," म्हणाली आणि गेली. बॅट कारखान्याची होती. व्यवस्थापकांनी मोठं मन करून ती विजेत्यांना देऊन टाकली. दोघींना मिळून एक.

"आता याच बॅटीने खेळायचं," भिंगरी म्हणाली. "काय धार येईल बघ हाताला."

"वेडी आहेस का? ही ठेवायची."

"ठेवायची म्हणजे? बॅट आहे ती. लोणचं नाही."

"चार चेंडू लागले की सही जाईल."

"जाईल तर जाईल. तीच बाई म्हणाली ना, खेळत राहा."

"खेळत राहा म्हणाली. माझी सही पुसत राहा असं नाही म्हणाली."

आठवडाभर दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. समोरासमोर बसून न बोलणं फार कष्टाचं काम. त्या आठवड्यात कारखान्याची चांगली चांगली बटणंही नापास झाली. शेवटी मुकादमाने हात जोडले आणि तोडगा निघाला. बॅट एक वर्ष लॉकरबाईंकडे, एक वर्ष भिंगरीकडे. बाईंनी त्यांच्या वर्षात ती ठेवावी, भिंगरीने तिच्या वर्षात खेळावं. पण फक्त काळ्या बाजूने. लाल बाजूला चेंडू लागता कामा नये.

"सही पुसली ना," बाईंनी बजावलं, "तर तुझं तोंड बघणार नाही."

"मग दिवसभर बघशील कुठे? समोर तर मीच असते."

तेव्हापासून दर वर्षी, स्पर्धा जिंकल्याच्या तारखेला, लेक सासरी-माहेरी जावी तशी बॅट या घरातून त्या घरात जायची. निम्म्या शहराइतकं अंतर, पण थाट असा की जणू बोट पकडायची आहे. टॉवेलात गुंडाळलेली बॅट, चहा, मग वर्षभराच्या गप्पा, ज्या तशा रोज होतच असत. भिंगरीकडून बॅट परत आली की बाई चष्मा लावून लाल बाजू खिडकीशी धरायच्या.

"आहे," त्या म्हणायच्या.

"असणारच," भिंगरी म्हणायची आणि दुसरा कप मागायची.

मग कारखाना बंद झाला. माणसांनी शर्टाला बटणं लावायचं सोडलं असं नाही, पण ती दुसरीकडून येऊ लागली. पुढे भिंगरीच्या मुलीला बाळ झालं म्हणून भिंगरी महिनाभरासाठी दुसऱ्या शहरी गेली. ते बाळ शाळेत जायला लागलं, त्याचे दात पडून नवे आले, भिंगरीचा महिना काही संपला नाही.

बॅट तेव्हा बाईंकडे होती. तारीख आली. बाईंनी ती टॉवेलात गुंडाळून तयार ठेवली, चहाचं आधण ठेवलं. भिंगरीचा फोन आला, "या वेळी जमत नाही गं. गुडघा." पुढे तिचं वर्ष परत आलं तेव्हाही गुडघा. त्याच्या पुढच्या वेळी गुडघ्याची चौकशी करायच्या आत तिने जावयाचं काहीतरी सांगितलं.

अशी ती बॅट कायमची लॉकरबाईंची झाली. पहिल्यापासून त्यांना हेच तर हवं होतं. त्यांनी सुताराकडून काचेची पेटी करून घेतली, कुलूप लावलं, आणि पेटीसमोर उभं राहिल्यावर त्यांना कळेना की आता काय करायचं. पूर्वी बॅट घरात असली की वर्ष सरत आल्याचं वाईट वाटायचं, नसली की कधी येते असं व्हायचं. आता ना तिला जायचं होतं, ना यायचं. तारखेच्या दिवशी बाई काच पुसत आणि सवयीने दोन कप चहा टाकत. एक स्वतःचा. दुसरा यजमान पीत. "भिंगरीच्या गुडघ्यामुळे माझी पित्ताची सोय झाली," ते म्हणत, पण कप खाली ठेवत नसत.

असं चाललं असताना बाईंचा भाचा आला. वय चाळिशीच्या पुढे, केस चाळिशीच्या बरेच अलीकडे थांबलेले. तो गावातल्या क्रीडा मंडळाचा चिटणीस होता, आणि मंडळाने नवं सभागृह बांधलं होतं. सभागृहात खेळायला टेबल अजून यायचं होतं, पण काचेचं कपाट आलं होतं.

"मावशी, ती बॅट मंडळाला दे. कायमची. दिवा असतो कपाटात, आपोआप लागतो. खाली तुमच्या दोघींची नावं."

"खेळणार कोणी नाही ना तिने?"

"छे. मंडळात कोणी खेळत नाही."

हे वाक्य तो अभिमानाने म्हणाला. बाईंनी पेटीकडे पाहिलं. दिवा, कपाट, कायमचं, म्हणजे आणखी मोठा लॉकर. त्यांच्यासारख्या बाईला याहून काय हवं? पण कायमची दिली की भिंगरीचं वर्ष असं काही उरणार नव्हतं. वर्ष होतं तोवर "तुझं वर्ष आहे, ने की," असं म्हणायला तरी तोंड होतं.

"अर्धी तिची आहे," त्या म्हणाल्या. "तिला विचारते."

त्यांना वाटलं होतं, भिंगरी उसळेल. काय बोलतेस काय, माझं वर्ष चालू आहे, हात लावून बघ, असं काहीतरी. त्यांनी तर फोनजवळ खुर्चीही ओढून घेतली होती, भांडण लांबलं तर पाय दुखायला नकोत म्हणून.

"दे की," भिंगरी म्हणाली. "देऊनच टाक. बरं होईल."

"अगं, कायमची मागतोय तो."

"हो, ऐकलं. दे. आणि तुझ्या यांचं पित्त कसं आहे?"

बाईंनी फोन ठेवला आणि ओढलेली खुर्ची परत जागेवर नेली. यजमान म्हणाले, "झालं? एवढ्यात?" इतक्या वर्षांची निम्मी मालकी, आणि भिंगरीने ती उतरलेल्या भाजीसारखी बाजूला सारली. रागवायला तरी पाहिजे होतं तिने. बॅट तिची राहिली नव्हती याचं बाईंना एवढं वाटलं नसतं. त्यांना वाटत होतं, आपण तरी तिचे राहिलो आहोत का.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भाच्याला होकार कळवला.

भाचा उत्साही माणूस. त्याने जुन्या व्यवस्थापकांच्या घरी जाऊन बक्षीस समारंभाचा फोटो मिळवला, मोठा करून घेतला आणि बाईंच्या टेबलावर पसरला. "हा बॅटीच्या मागे लावणार. बघ, सहीसुद्धा किती स्पष्ट आलीय."

फोटोत मध्ये ती विजेती, एका बाजूला भिंगरी दात काढून हसतेय, दुसऱ्या बाजूला लॉकरबाई हसू जपून ठेवलेल्या. विजेतीने बॅट कॅमेऱ्यासमोर धरली होती. सही रबराच्या वरच्या कडेला, बारीक अक्षरात, तिरपी चढत गेलेली. खाली काही नाही.

बाईंनी मान वर करून पेटीकडे पाहिलं. पेटीतली सही रबराच्या मधोमध होती. ठसठशीत. खाली एक रेघ होती, आणि रेघेखाली दोन टिंबं.

"काय गं मावशी?"

"काही नाही. फोटो छान आलाय. आता तू जा. मला डबा शोधायचाय."

भाचा गेल्यावर बाई पेटीसमोर उभ्या राहिल्या. दर तारखेला पुसायची ती काच, रोज पाहायची ती सही. आणि त्याआधी पूर्ण नोकरीभर, टेबलापलीकडच्या हातातून सुटणारी, दिवसाकाठी ढिगांनी पाहिलेली ती टिंबं. इतकी ओळखीची की डोळ्यांना ती वेगळी कधी वाटलीच नाहीत. नाव तिने विजेतीचंच काढलं असेल, आठवेल तसं, जीभ दाताखाली धरून. शेवटी हाताने आपलं बटण लावून टाकलं. ते तिला कळलंही नसणार.

"अहो," त्यांनी हाक मारली. "मी एवढी वर्षं काय जपत होते ठाऊक आहे का?"

यजमानांनी येऊन फोटो पाहिला, पेटी पाहिली, चष्मा पुसून परत दोन्ही पाहिलं. "खोटी आहे म्हणतेस?"

"खोटी कशाने? भिंगरीची खरी आहे."

त्यांना राग यायला हवा होता. त्यांनी थोडा वेळ त्याची वाटही पाहिली. मग डबा शोधला, डब्यातून किल्ली, किल्लीने कपाट, कपाटातून किल्ली, आणि बॅट बाहेर काढून टॉवेलात गुंडाळली. सकाळच्या बसने त्या निघाल्या. पेटी रिकामी पाहून यजमान म्हणाले, "जाऊन ये. मी दोन कप टाकतो आणि दोन्ही मीच पितो."

भिंगरीने दार उघडलं आणि एकदम म्हणाली, "कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही. आत येऊ दे."

मुलगी आणि जावई कामावर, नात शाळेत. घर नीटनेटकं होतं, भिंगरीचं नाही हे दारातूनच कळत होतं. ती वाळली होती. चहा तिने आणला तो अर्ध्या कपानेच, आणि तरी बशीत सांडला. कप बशीवर वाजत होता. तिने तो घाईने टेबलावर ठेवला आणि हात पदराखाली घेतला. बाईंनी ते पाहिलं. त्यांनी टॉवेल उलगडून बॅट मध्ये ठेवली, लाल बाजू वर.

"ही कोणाची सही?"

भिंगरीने बॅटीकडे पाहिलं, मग खिडकीकडे. "त्या बाईची. किती मोठी खेळाडू."

"ती मोठी खेळाडू बटणं तपासायला कधी बसत होती?"

भिंगरीने टिंबांकडे पाहिलं. बराच वेळ. तिचा चेहरा आधी पडला, मग त्याच्यावर हळूहळू ते फोटोतलं हसू आलं. "अगं बाई," ती म्हणाली. "दर वेळेला?"

"दर वेळेला म्हणजे? कितीदा काढलीस?"

"माझ्या प्रत्येक वर्षी. पहिल्या वर्षी तर पंधरवडाही टिकली नाही. काय करू, काळी बाजू गोडच नव्हती गं. लाल बाजूला चेंडू कसा चिकटायचा. म्हटलं, एकदाच मारते. मग पुसली. मग तू तोंड बघणार नाही म्हणालेलीस. खोक्यांवर लिहायचं मार्कर घेतलं आणि काढली. तू चष्मा लावून बघितलंस आणि म्हणालीस, आहे. पुढच्या खेपेला मग भीड चेपली."

"आणि मंडळाला द्यायला लगेच तयार झालीस ते?"

भिंगरीने पदराखालचा हात बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला. तो टेबलावरही थांबेना.

"हे बघ. हे सुरू झालं इकडे आल्यावर. बॅट आणली असती तर खेळल्याशिवाय राहिले नसते. खेळलं की सही जाणार. आणि आता ती काढणार कोण? कागदावर करून बघितली गं मी. कोंबडीने काढल्यासारखी येते. तू खिडकीशी धरली असतीस आणि…" ती थांबली. "म्हटलं, राहू दे तुझ्याकडेच. निदान येणं-जाणं तुटलं तरी तोंड बघायचं नाही असं तरी व्हायला नको."

"म्हणजे माझं तोंड बघता यावं म्हणून तू माझं तोंड बघायला आली नाहीस."

"असं बोललं की मूर्खपणा वाटतो."

"कसंही बोललं तरी वाटतो."

दोघी बसल्या होत्या. मधे टेबल, समोरासमोर. कारखान्यातलंच अंतर होतं ते, फक्त बटणं नव्हती. बाईंना वाटलं, हा ढीग कोणीतरी आपल्यामधून उचलून नेला आणि आपण इतकी वर्षं नुसत्याच बसून राहिलो. मग त्या उठल्या, कप उचलून ओट्यावर ठेवले आणि भाजी कापायची लाकडी फळी घेऊन आल्या.

"चेंडू आहे का घरात?"

"नातीचा आहे. अगं पण…"

"जाळीला काय लावू?"

जाळीला भिंगरीच्या औषधांची खोकी लावली. आडवी रांग लावून खोकी उरली. बाईंनी बॅट भिंगरीपुढे सरकवली. "घे. तुझं वर्ष आहे. लाल बाजूने खेळायचं."

"पुसेल."

"पुसू दे. ती बाई काय म्हणाली होती?"

भिंगरीने बॅट धरली. रबर पेटीत राहून राहून कडक आणि गुळगुळीत झालं होतं. चेंडू चिकटण्याऐवजी घसरायचा. पहिला गेला दिव्यावर, दुसरा मोरीत. तिसरा तिने कापला तसा तिचा हात मधेच थरथरला आणि चेंडू खोक्यांवरून येऊन असा वळला की बाईंची फळी हवेतच राहिली.

"हे काय होतं?"

"थरथरीचा स्पिन. नवा आहे. तुला नाही कळायचा."

बाईंनी पुढचा परत पाठवला. त्याच्या पुढचाही. फळीचा आवाज ठक, बॅटीचा टक. नात शाळेतून आली तेव्हा दोन म्हाताऱ्या टेबलाखाली वाकून चेंडू शोधत होत्या आणि एकमेकींना दोष देत होत्या.

निघताना भिंगरीने बॅट टॉवेलात गुंडाळून बाईंच्या हातात दिली. बाईंनी टॉवेल ठेवून घेतला आणि बॅट परत केली.

"तुझ्याकडे राहू दे. सही पूर्ण गेली की घेऊन ये. काढायची नाही हां परत. आणि आधीही यायचं नाही. नियम म्हणजे नियम."

"आणि मंडळ?"

मंडळाला बाईंनी पेटी दिली. कुलूप, किल्ली, सगळ्यासकट. भाचा गयावया करू लागला. "मावशी, आत काय ठेवू?"

"ज्याने कोणी खेळत नाही असं काहीतरी ठेव. तुमच्या मंडळात कमी नसेल."

त्याने शेवटी फोटोच ठेवला. दिवा आपोआप लागतो म्हणतात.

बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर आता पेटीच्या मापाचा एक फिक्या रंगाचा चौकोन उरला आहे. बाई तो पुसत नाहीत. दर रविवारी फोनजवळ खुर्ची ओढून बसतात. भिंगरी नातीशी खेळते, जावयाशी खेळते, कोणी नसलं तर भिंतीशी. जावई हरतो आणि खोक्यांची उंची सारखी नाही अशी तक्रार करतो.

"किती राहिली?" बाई विचारतात.

"नाव गेलं. रेघ निम्मी आहे."

"हळू खेळतेस तू."

"गुडघा गं."

"गुडघ्याचं सांगू नकोस मला. टिंबं?"

पलीकडे भिंगरी बॅट खिडकीशी धरते. इथवर दिसत नाही, पण बाईंना ते दिसतं. आतून यजमान विचारतात, कप किती टाकू.

"दोन्ही आहेत," भिंगरी म्हणते. "ती निघता निघत नाहीत."

"मग ठेव फोन," लॉकरबाई म्हणतात. "आणि खेळायला लाग."